मापाशिवाय झाकण मिळणार नाही

झाकणताई हे नाव गल्लीने तिला चिडवायला ठेवलं होतं. दुसरी एखादी असती तर रडली असती, भांडली असती, निदान तो रस्ता तरी टाळला असता. हिने रंगाचा डबा आणला आणि दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने तेच नाव रंगवलं, तेही समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. नाव ठेवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. आता चिडवायचं कसं?

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली, मागे तिची राहण्याची खोली, आणि त्या खोलीला सांडपाण्याच्या पाइपाकडे उघडणारी एक खिडकी. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ताणलेल्या आणि तारांवर झाकणं. स्टीलची, पितळेची, काचेची, मूठ असलेली, मूठ गेलेली. तिचे बाबा भांडी दुरुस्त करायचे. भोकं बुजवायची, दांडे बसवायचे, बुडं बदलायची. एखादं भांडं अगदीच कामातून गेलेलं असलं की गिऱ्हाईक म्हणायचं, द्या टाकून. बाबा भांडं भंगारात घालायचे आणि झाकण तारेवर अडकवायचे. बूड जळतं, झाकणाला कुठे एवढी आच लागते, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर हेच केल्यावर माणसाच्या मागे काय उरणार? झाकणं उरली.

बाबा गेले त्याच्या कितीतरी आधी धंद्याने मान टाकली होती. भांडं फुटलं की लोक नवं आणत होते. चाळिशी ओलांडलेली ही मुलगी बाबांजवळ बसून मुठी बसवत होती, त्यांचं पथ्यपाणी बघत होती. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, याची गल्लीत दोन-तीन उत्तरं मिळायची आणि तिच्याकडे विचारलं तर एकही मिळायचं नाही.

तिचा थोरला भाऊ बायकापोरांसह जरा लांब, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायचा. दादा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आवाज मऊ, कुणावर हात उगारणार नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. बाबांनी घर आणि दुकान दोघांच्या नावावर केलं होतं. शेजारच्या औषधवाल्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं. दादाच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता, फक्त बहिणीची सही राहिली होती.

"एकटी इथे काय करणार तू?" एके दिवशी दुकानात बसून तो म्हणाला. वहिनी सोबत होती आणि औषधवाला दारातच घुटमळत होता. "आमच्याकडे ये. पोरं आहेत, तुझा वेळ जाईल."

"माझा वेळ माझा मी घालवीन, दादा. त्याला पोरं कशाला हवीत?"

"आणि खाणार काय? झाकणं?"

औषधवाला हसला. तो हसला नसता तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. झाकणताईच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडातून निघून गेलं, "याच झाकणांवर जगून दाखवते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुझ्यापुढे हात पसरला, तर गुपचूप सही करीन आणि तुझ्याकडे येऊन राहीन."

"शब्द?"

"शब्द."

औषधवाला साक्षीला होताच. त्याने मनात भिंत तिथल्या तिथे पाडूनही टाकली असणार.

रागाच्या भरात माणूस काय काय पणाला लावतो! ज्या खोलीत ती जन्मली, जिच्या खिडकीशी तिचा पलंग होता, जिथे कुणाला न विचारता तिला दिवा लावता आणि विझवता येत होता, ती खोली तिने एका हसण्यापायी डावावर लावली. आणि मग दुकान उघडून बसली. कोणी येईना. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना पत्ता विचारायचा होता.

तिची नड ओळखली ती वहिनीने. वहिनी दादासमोर मूग गिळून बसायची, पण तिचा फोन भारी चालायचा. पोरांचे आखूड झालेले कपडे ती एका ऑनलाइन बाजारात विकायची, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. एका दुपारी ती भाजी आणायला म्हणून निघाली आणि थेट दुकानात आली.

"वन्सं, ते काचेचं काढा बरं. पुसा. इकडे उजेडात धरा."

"कशाला?"

"धरा म्हणते ना!"

फोटो निघाला, चार ओळी लिहिल्या गेल्या, किंमत टाकली गेली. वहिनी भाजीला गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, झाकण विकलं गेलंय, आणि तेही अशा गावाला की त्याचं नाव दोघींनीही कधी ऐकलं नव्हतं. झाकणताई थक्क झाली. एवढ्या लांब कुणाचं तरी भांडं उघडं पडलं होतं आणि त्याला पुरेल ते तिच्या तारेवर लटकत होतं.

पॅकिंग वहिनीनेच शिकवलं. खोका हलवून बघायचा, आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचा. झाकणताईने खोका हलवला, आवाज आला नाही. तेवढ्यावर तिचं समाधान होईना. तिने खोका काउंटरवरून सरळ जमिनीवर सोडला. आत खळ्ळकन आवाज झाला.

"अहो, काय केलंत हे!" वहिनी किंचाळली.

"पार्सलवाले काय मांडीवर घेऊन जाणार आहेत? इथे फुटलं ते बरं झालं. तिथे फुटलं असतं तर शिव्या आपल्याला."

नशीब, तशाच मापाचं दुसरं निघालं. त्याला आधी कापड, मग पुठ्ठा, मग चुरगळलेला कागद असं गुंडाळलं आणि तोही खोका काउंटरवरून खाली टाकला. या खेपेला वहिनीने डोळे मिटून घेतले होते. काही झालं नाही. तेव्हापासून नव्या जातीची वस्तू विकायची तर आधी एक खोका आपल्या हाताने पाडून बघायचा, असा तिने नियम घालून घेतला.

मग तिने स्वतःचं खातं उघडलं आणि सगळ्या नवशिक्यांचं होतं तेच तिचं झालं. ती गुरू करायला निघाली. फोनवरच्या व्हिडिओंत एक कोटवाले सर भेटले. या सरांनी उभ्या आयुष्यात काही विकलं होतं की नाही कोण जाणे, पण कसं विकायचं हे मात्र ते रोज सांगायचे. फोटो असा काढा की बघणारा घायाळ झाला पाहिजे. दोष पुढे येऊ देऊ नका. शब्द गोड ठेवा. किंमत शेजाऱ्यापेक्षा कमी लावा. गिऱ्हाइकाला नाही म्हणू नका, चूक कुणाचीही असो, माफी तुम्हीच मागा.

झाकणताईने सगळं मनोभावे केलं. पितळी झाकणाशेजारी फुलं मांडून फोटो काढला, तर एका बाईने विचारलं, फुलं किती दिवस टिकतात? एका साध्या अॅल्युमिनियमच्या झाकणाखाली तिने 'आपल्या स्वयंपाकघराची शान' असं लिहिलं आणि मग दिवसभर त्या झाकणाकडे बघायची तिला लाज वाटत राहिली. एका झाकणाचा पोचा पडलेला भाग तिने फोटोत भिंतीकडे वळवला. ते परत आलं. सोबत चिठ्ठी होती, "पोचा आहे तर आहे म्हणायचं होतं, मी तरीही घेतलं असतं." ते वाक्य तिला चांगलंच झोंबलं. त्या दिवसापासून ती पहिला फोटो पोच्याचाच काढायला लागली, त्यावर स्वतःचं बोट ठेवून. कोटवाल्या सरांना कळलं असतं तर त्यांनी कोट काढून ठेवला असता.

पण खरा घोळ पुढेच होता, आणि तो या घरातल्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता.

बाबांची एक लाकडी पट्टी होती. तिच्यावर त्यांनी तरुणपणी कधीतरी खाचा पाडलेल्या. भांड्याच्या तोंडावर पट्टी आडवी धरायची, काठ ज्या खाचेला लागेल तो त्या भांड्याचा नंबर. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला बाबा खडूने तो नंबर घालायचे. झाकणताई चालायला लागली तेव्हापासून तेच ऐकत आलेली. चार नंबर दे, नऊ नंबर ठेव. तिने बाजारात माल चढवला तोही तसाच. सात नंबर, स्टील, मूठ घट्ट. सात नंबर म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात सात नंबर म्हणजे काय हे साऱ्या जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यांतलं एक गेलं होतं.

लोकांनी कुणी ते इंच समजले, कुणी आणखी काही. पार्सलं परत यायला लागली. पार्सलवाला सकाळी न्यायचा त्याहून जास्त खोके दुपारी आणून टाकायचा. दुधाच्या छोट्या भांड्यासाठी सात नंबर मागवलेल्या एका बाईने लिहिलं, "झाकण मिळालं. याच्याखाली मी स्वतः मावते." झाकणताईला हसू आलं, आणि मग कंपनीचा निरोप वाचून ते हसू विरलं. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण असंच राहिलं तर खातं बंद होईल, असा तो निरोप होता.

"सेंटिमीटर, वन्सं, सेंटिमीटर!" वहिनीने कपाळावर हात मारला.

झाकणताईने खडूचे नंबर पुसायला घेतले. बाबांच्या हातचे आकडे होते ते. प्रत्येक पुसताना तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून ती जास्तच जोरात पुसत होती. स्टीलची पट्टी आणली, एकूण एक झाकण नव्याने मोजलं, माल पुन्हा चढवला.

तरी पार्सलं येतच राहिली, कारण आता चुकत होते घेणारे. कुणी भांड्याचं बूड मोजायचं, कुणी काठाबाहेरून मोजायचं, एकाने तर दोरा गुंडाळून घेर मोजला आणि तोच आकडा पाठवला. झाकणाला अर्ध्या बोटाचा फरकही चालत नाही. एक तर आत पडतं नाही तर वर डुगडुगतं. तेव्हा तिने स्वतःची रीत काढली. भांडं कागदावर पालथं घाला. काठाभोवती पेन्सिल फिरवा. त्या गोलावर मोजपट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. त्यानंतरच झाकण. फोटो नाही तर झाकण नाही. तिने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मापाशिवाय झाकण मिळणार नाही', आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो प्रत्येक झाकणाच्या आधी लावला.

"दुकानाबाहेर कुत्रा बांधल्यासारखं आहे हे," वहिनी म्हणाली. "कोण येईल?"

"ज्याला झाकण हवंय तो येईल."

आणि खरंच यायला लागले की! कागदावरचे गोल यायला लागले. कुणी वहीच्या पानावर, कुणी वर्तमानपत्रावर, एका आजोबांनी तर विजेच्या बिलाच्या पाठीवर गोल काढून पाठवला. झाकण बसलं की लोक उलट कळवायचे. एकीने लिहिलं, आईचं भांडं आहे, कित्येक वर्षं ताटलीने झाकत होते. त्या हिवाळ्यात झाकणताईने आपलं वाणसामान, आपलं बिल, आपली औषधं सगळं स्वतःच्या पैशांनी आणलं. औषधं शेजारून न घेता मुद्दाम चौकातून आणली.

मग तिच्याकडेच नवशिके यायला लागले. समोरची शिंपीण उशांचे अभ्रे घेऊन आली.

"ताई, हे विकायचे आहेत. काय करू ते सांग."

"याच्यावर हा डाग कसला?"

"तो दिसत नाही गं, आतल्या बाजूला आहे."

"मला दिसला ना? मग घेणाऱ्यालाही दिसेल, आणि त्याच्या घरी दिसेल. आधी डागाचा फोटो काढ. आता हे सांग, एक अभ्रा शिवायला तुझी किती वेळ कंबर मोडते?"

शिंपिणीने सांगितलं.

"आणि लावलीस किती किंमत? त्यापेक्षा झोप काढ, तब्येत तरी सुधारेल. स्वस्तात विकणारे ढिगाने आहेत, त्यांच्याशी कशाला झोंबतेस? आणि कुणी वाईट लिहिलं तर एकदा वाच. खरं असेल तर सुधार. खोटं असेल तर फोन पालथा घाल आणि जेव."

"आणि कुणी घासाघीस करायला लागलं तर?"

"नाही म्हणायचं. म्हणून बघ माझ्यासमोर."

शिंपिणीने बारीक आवाजात नाही म्हटलं. झाकणताईने तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे ते बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं.

असं सगळं रांगेला लागत होतं आणि तिथेच माशी शिंकली. ऑनलाइन बाजाराचा एक कायदा आहे, जो कोटवाले सर कधी सांगत नाहीत. मागणी आली की माल धाडायचाच. विकणाऱ्याने आपण होऊन मागणी रद्द केली की ती त्याच्या नावावर काळी खूण. आणि पुठ्ठ्यावर कितीही ठळक लिहा, न वाचता बटण दाबणारे दाबतातच. झाकणताई त्यांना लिहायची, कागदावर गोल काढून पाठवा. ते पाठवायचे नाहीत. ती मागणी रद्द करायची.

"पाठवून द्या ना अंदाजाने," वहिनी विनवायची. "परत आलं तर आलं."

"न बसणारं झाकण माझ्या हाताने खोक्यात घालू? ते नाही होणार."

"वन्सं, खातं जाईल. खातं गेलं तर खोली जाईल!"

हे झाकणताईला कळत नव्हतं असं नाही. प्रत्येक रद्द मागणीगणिक खोलीची भिंत पडताना तिला दिसायची. पण चुकीचं झाकण पाठवायला तिचा हात धजत नव्हता. तिने आणखी रद्द केल्या, आणि उन्हाळा तोंडावर आला असताना तिचं खातं बंद झालं.

तिने हेल्पलाइनला फोन लावला. बऱ्याच वाजंत्रीनंतर एक मुलगी आली आणि समोरचं वाचून दाखवायला लागली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे."

"खेद राहू दे, बाळ. मला हे सांग, तुमच्याकडे चप्पल विकायची तर मापाचा रकाना आहे. अंगठी विकायची तर आहे. झाकणाला का नाही?"

"मॅडम, झाकण हे भांड्याबरोबर येतं असं सिस्टिम धरते."

"आणि भांडं गेलं, झाकण राहिलं तर? किंवा उलटं झालं तर?"

 मुलगी कागद बाजूला ठेवल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मॅडम, 'मागणीनुसार बनवलेलं' असा एक वेगळा विभाग आहे. तिथे गिऱ्हाइकाने माप भरल्याशिवाय मागणी पुढेच जात नाही. तुम्ही पहिल्यापासून तिथे असायला हवं होतं. हे खातं मात्र आता उघडणार नाही. नव्याने अर्ज करा, तपासायला ते बराच वेळ लावतात."

"मला हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नसेल, मॅडम."

ते खरं होतं. तिने कोटवाल्या सरांना विचारलं होतं, ज्यांच्या दुकानात बसायचं त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आपल्या वस्तूसाठी कोणता विभाग आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं, ही साधी गोष्ट ती महागात शिकली. अर्ज तिने त्याच दिवशी केला. पण उन्हाळा काही अर्जाची वाट बघत थांबणार नव्हता. विजेचं बिल आलं आणि हातात काही नव्हतं.

वहिनीने पर्समधून पैसे काढून काउंटरवर ठेवले. "यांना कळणार नाही."

"मला कळेल ना," झाकणताई म्हणाली. "दादापुढे हात पसरणार नाही असं म्हटलं होतं. तुझ्या हाताने घेतले तरी ते तेच झालं. मग सरळ त्याच्याकडेच मागते." आणि ती उठून थेट दादाच्या घरी गेली.

दादाने एका शब्दाने डिवचलं नाही. पैसे लगेच दिले, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रविवारी कागद घेऊन येतो. पोरांच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग टाकू."  निघताना वाटेत खोके रचलेले होते. पाण्याच्या फिल्टरचे. दादाने एजन्सी घेतली होती, ती बुडाली होती, त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. खोक्यांच्या बाजूने तिला अंग चोरून जावं लागलं. जिन्यात ती उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. लिफ्ट येऊन गेली तरी तिला कळलं नाही.

रविवारी दादा आला. नेहमीसारखा आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत आला. मागे वहिनी, आणि वहिनीच्या मागे औषधवाला, हातात मोजायची टेप घेऊन.

"टेप गुंडाळा," झाकणताई म्हणाली.

औषधवाला दारातच थबकला. दादाने काउंटरवर कागद पसरला, पेनाचं टोपण काढून पेन त्यावर ठेवलं. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"वाचतेस काय? तुझाच शब्द आहे," दादा हळूच म्हणाला.

"माझाच आहे. आणि मी हरले. हात पसरला, तुझ्याकडून पैसे घेतले, ते फेडीन. त्यात काही लपवाछपवी नाही." तिने पेन उचललं आणि त्याला टोपण लावलं. "पण सही करणार नाही."

"म्हणजे? शब्द दिला होतास, चारचौघांत!"

"दिला होता. म्हणून चारचौघांतच मोडते. हे साक्षीला आहेतच." तिने औषधवाल्याकडे हनुवटी केली. "बाहेर जाऊन सांगा सगळ्यांना, झाकणताईने शब्द मोडला. पाटीवर लिहायला जागा आहे अजून."

"अगं, लोक काय म्हणतील याचा तरी…"

"दादा, तुझी फिल्टरची एजन्सी बुडाली तेव्हा बाबांनी तुला घर सोडायला सांगितलं होतं?"

दादाने कागदावरचा हात काढून घेतला.

"त्याच्याआधी तुझं झेरॉक्सचं दुकान बुडालं. तेव्हा? तेव्हा कुणी कागद आणला होता तुझ्यापुढे? तू बुडालास, बाबांनी पाठीवर हात ठेवला, तू परत उभा राहिलास. चांगलंच झालं. मग माझंच असं का? तुझा धंदा बुडाला की धंदाच बुडतो. माझा बुडाला की माझं घर जातं. अर्धं घर माझं आहे, जन्मापासून आहे. ते माझं आहे हे मी झाकणं विकून का सिद्ध करायचं?"

"पैज तूच लावलीस," दादा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"लावली, गाढवपणा केला. शिंपिणीला शंभर गोष्टी शिकवल्या आणि हीच एक सांगायची राहिली. पोटासाठी विका, हौसेसाठी विका, पण आपलं छप्पर त्यावर लावू नका. उद्या पहिलं जाऊन तिला तेवढं सांगते."

"मी तुझं वाईट कधी चिंतलं का?"

"नाही रे. तू वाईट नाहीस. वाईट असतास तर हे मला कितीतरी आधी सुचलं असतं." तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. "तू मायेने बोलावतोस आणि मी उपकाराखाली वाकते. यापुढे नाही वाकणार. माझा अर्ज मंजूर झाला तर परत झाकणं विकीन. तेही बुडालं तर दुसरं काही विकीन. तेही बुडालं तर तुझ्यासारखी खोके रचून ठेवीन, पण याच खोलीत."

 वहिनी पुढे झाली, तिने तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकला. मग औषधवाल्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्या बाजूलाही भिंत आहे की." तिला दादासमोर एवढा आवाज काढताना झाकणताईने पहिल्यांदाच ऐकलं.

औषधवाला गेला. दादा स्टुलावर बसून राहिला. झाकणताईने त्याला पाणी दिलं, तो ते सगळं प्यायला. त्याला राग आला होता की लाज वाटली होती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी तो उठला आणि वहिनीबरोबर दाराकडे निघाला.

"दादा, किल्ली."

त्याने खिशात हात घातला, पण किल्ली बाहेर काढली नाही. "राहू दे की माझ्याजवळ. अडीनडीला लागेल."

तिने तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. दादाने किल्ली त्यावर ठेवली.

"अडीनडीला दार वाजव," ती म्हणाली. "मी उघडीन."